डाव्या अंगठ्याची चौकट

जळगावच्या नव्या बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. भरतीची जाहिरात निघाली की धरणगाव, एरंडोल, पाचोरा इकडची मुलं-मुली एसटीतून उतरतात ती सरळ माझ्याकडे येतात. मी त्यांचे फोटो कापतो, सह्या स्कॅन करतो, ओटीपी विचारतो आणि शेवटचं बटण दाबतो. सतरा वर्षं हेच करत आलो. वेबसाइट अडली की तिच्याशी वाद घालायचा नाही, तिला जे हवं ते काहीतरी करून द्यायचं आणि पुढच्या पानावर जायचं, एवढं शहाणपण मी या धंद्यात शिकलो होतो. त्याच शहाणपणापायी मी एका बाईची नोकरी जवळजवळ घालवली. ‘चूक झाली’ असं मी बरेच दिवस म्हणत होतो. बायको म्हणाली, चूक नकळत होते. म्हणून आता तो शब्द वापरत नाही.

ती धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली, तेहेतीस-चौतीस वर्षांची. अकरा वर्षांची असताना कडबा-कुट्टीच्या यंत्रात तिचा डावा हात कोपराच्या जरा खाली तुटला. राहिलेल्या हाताने ती बी.कॉम. झाली, मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली आणि गावातल्या दूध संकलन केंद्रात कॉम्प्युटरवर नोंदी करायला लागली. धुळ्याला मुख्य कार्यालय असलेल्या एका संस्थेने लिपिकांची भरती काढली, संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. त्यात हाताने अधू असलेल्यांसाठी एक जागा राखीव होती. एकच.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास ती वडिलांना घेऊन दुकानात आली. वडिलांना ती आबा म्हणत होती, म्हणून मीही आबा म्हणायला लागलो.

“काका, अर्ज भरून नकोय मला,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “भरलाय मी मोबाइलवर. फक्त एक चौकट राहिलीय.”

“सगळ्यांची एकच राहिलेली असते, ताई. बसा.”

सहावं पान उघडलं. तीन चौकटी होत्या. फोटो, सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा. तिसरीपुढे लाल चांदणी, म्हणजे ती भरल्याशिवाय सुटका नाही.

“आता दुसरं पान बघा,” ती म्हणाली. “अपंगत्वाचा प्रकार कोणता? हात. कोणता हात? डावा. किती टक्के? तेही लिहिलं. प्रमाणपत्र चढवा. चढवलं. तिथे यांनीच एवढं खोदून खोदून विचारलं, आणि सहाव्या पानावर म्हणतात डाव्या अंगठ्याचा ठसा द्या. चार पानांत विसरले?”

“तो अंगठा ते मशीनमा गया,” आबा खुर्चीतून म्हणाले. “आते काय मशीनलेच मांगू?”

पाच दिवस ती मदत क्रमांकावर फोन करत होती. माझ्यासमोर तिने पुन्हा एकदा लावला आणि स्पीकर चालू केला.

“नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?”

“तुम्ही डाव्या अंगठ्याचा ठसा मागताय. मला डावा हात नाहीये.”

“ओके मॅडम. ठसा पांढऱ्या कागदावर घेतलाय का आपण?”

“हात नाहीये.”

“ओके. फाइल वीस ते पन्नास केबीमध्ये पाहिजे, मॅडम.”

“दादा, हात नाही म्हणतेय मी. उजव्या अंगठ्याचा चालेल का, एवढंच सांगा.”

पलीकडे जरा वेळ बासरी वाजली. मग तो परत आला. “मॅडम, एकदा ब्राउझर बदलून बघा.”

तिने फोन ठेवला. आबांनी विचारलं, “काय म्हने तो?”

“म्हणतो, दुसऱ्या ब्राउझरवर हात उगवेल.”

मी हसलो. तीही हसली. तेव्हा मला ती फार आवडली, आणि ते आठवून आता जास्तच वाईट वाटतं.

तिने घरूनच एक कागद आणला होता. त्यावर उजव्या अंगठ्याचा ठसा आणि त्याखाली स्वच्छ अक्षरांत एक ओळ होती. ‘मला डावा हात नाही. हा उजव्या अंगठ्याचा ठसा आहे.’ मी तो स्कॅन करून चढवला. लाल अक्षरं आली, प्रतिमा चौकोनी नाही. मी म्हटलं, खालची ओळ कापू, मग चौकोन होईल.

“ओळ कापायची नाही, काका.”

“अहो, ठसा मागितलाय, निबंध नाही.”

“ओळ कापली तर उद्या म्हणतील उजवा देऊन फसवलं. बारीक करून बसवा, पण ओळ राहू द्या.”

ओळ बारीक केली, चौकोनात बसवली. आता नवी लाल अक्षरं आली, ठसा अस्पष्ट. ते मात्र खरं होतं. दोन हातांची कामं एका हाताने केली की त्या हाताचं काय होतं, ते मी तिच्या अंगठ्यावर पाहिलं. भांडी, कापूस वेचणी, दुधाच्या कॅनची कडी, सगळं त्या एकाच अंगठ्यावर. त्याच्या रेषा जवळजवळ पुसल्या होत्या. शाई बदलून बघितली, कागद बदलून बघितला. तेवढ्यात दहा मिनिटं झाली आणि साइटने बाहेर काढलं. पुन्हा आत जा, पुन्हा ओटीपी, पुन्हा ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा. आत गेलो तर सहावं पान कोरं. असं तीन वेळा झालं. पलीकडे ओळीत सहा-सात पोरं उभी होती, आणि मी तिच्यावर वैतागत चाललो होतो. साइटवर वैतागायला हवं होतं, पण साइट समोर बसलेली नसते. हे मी आजवर कित्येक जणांच्या बाबतीत केलं आहे. डोळ्यांनी अधू माणूस ‘काय लिहिलंय पुढे?’ असं दुसऱ्यांदा विचारायचा, की माझा आवाज आपोआप चढायचा.

साडेतीनला ती उठली. पाच वाजता दूध केंद्र उघडायचं होतं आणि किल्ली तिच्याकडे होती.

“काका, ओळीसकट जाऊ द्या. आणि नाहीच गेला तर तसं मला सांगा. मी संस्थेला पत्र टाकेन, साइट घेत नाही म्हणून. पण ओळीसकट.”

“तुम्ही निर्धास्त जा, ताई.”

मुदत सहा वाजेपर्यंत होती. इतर अर्ज करता करता, फोनवर तिच्याकडून ओटीपी घेत, मी तिचा ठसा आणखी पाच-सहा वेळा चढवून पाहिला. प्रत्येक वेळी अस्पष्ट. पावणेसहाला मी एक गोष्ट केली. माझ्या कॉम्प्युटरवर ‘नमुना’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात कोरा फोटो, कोरी सही आणि माझ्या स्वतःच्या डाव्या अंगठ्याचा ठसा असतो. पान पुढे सरकतं की नाही हे तपासायला अर्ज भरणारे असं काहीतरी हाताशी ठेवतातच. माझा ठसा सुरेख आलेला आहे, केबीत बसणारा, चौकोनी. तो मी तिच्या चौकटीत टाकला. मनाशी म्हटलं, पुढच्या आठवड्यात दुरुस्तीची मुदत मिळेल तेव्हा बदलू. साइटने हिरव्या अक्षरांत अभिनंदन केलं.

मी फोन लावला. “झालं, ताई.”

“ओळीसकट घेतला ना?”

“हो, हो.”

एकदा ‘हो’ पुरलं असतं. मी दोनदा म्हणालो.

दुरुस्तीची मुदत आली आणि गेली. शिष्यवृत्तीच्या अर्जांची गर्दी होती हे खरं आहे, पण विसरलो हे खरं नाही. एका सकाळी दात घासताना आठवलं होतं. तेव्हा मनात आलं, अंगठा कोण बघतंय.

चार महिन्यांनी आबा दुकानात आले. हातात पिशवी होती, तिच्यात माझ्यासाठी आणलेलं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ.

“पोरना नंबर लागना, भाऊ! लेखीमा पास व्हयनी.”

आता धुळ्याला कागदपत्रं तपासायची होती. त्यासाठी अर्जाची प्रत हवी, म्हणून तीही सोबत आली होती. मी प्रत छापली. शेवटच्या पानावर माझा अंगठा होता. मधोमध एक आडवी रेघ आहे त्यात, लहानपणी विळ्याने कापलं त्याची. ती दुसऱ्या टेबलावर दाखल्यांची यादी जुळवत होती. मी ते पान गठ्ठ्याच्या मध्ये घातलं, वर दुसरी पानं ठेवली आणि प्लास्टिकच्या फाइलीत सरकवून दिलं. हे मी जाणूनबुजून केलं.

“तुम्ही बी संगे या, भाऊ,” आबा म्हणाले. “आमले ते कॉम्प्युटरनं काही समजत नही.”

तपासणीला नऊ दिवस होते. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, “झालंय काय तुम्हाला? जेवणात लक्ष नाही.” मी सांगितलं. तिने भाकरी परतायची थांबवली.

“आत्ताच्या आत्ता फोन करा तिला.”

“उगाच घाबरेल ती.”

“ती घाबरेल की तुम्ही?”

मी फोन केला नाही.

धुळ्याला आम्ही तिघं सकाळच्या एसटीने गेलो. ती खिडकीशी बसून दाखल्यांची पुन्हा उजळणी करत होती. आबा झोपले होते. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. तिला खाली बोलावून सांगायचं असं ठरवून मी उतरलो, चहा घेतला आणि परत येऊन बसलो.

“काका, इतके गप्प का?” ती म्हणाली. “तपासणी तुमची आहे का माझी?”

कार्यालयात एका लांब टेबलामागे एक अधिकारी मॅडम होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. शेजारी कॉम्प्युटरवाला आणि अंगठा लावायचं यंत्र. कागद सगळे नीट होते. मॅडम तिच्या टायपिंगच्या प्रमाणपत्राकडे बघून म्हणाल्या, “एका हाताने? शाब्बास हो.” ती खुलली. मग कॉम्प्युटरवाला म्हणाला, “डावा अंगठा लावा.”

“डावा नाहीये. अर्जात उजवा दिलाय.”

“मग उजवा लावा.”

तिने लावला. यंत्र लाल झालं. अंगठा पुसून पुन्हा लावला. लाल. कॉम्प्युटरवाल्याने ओलं फडकं दिलं. लाल. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि स्क्रीन स्वतःकडे वळवली.

“ठसा तर किती स्पष्ट आहे अर्जात. मग जुळत का नाही?”

“खाली ओळ आहे बघा,” ती म्हणाली. “डावा हात नाही म्हणून लिहिलंय मी.”

“ओळ नाही इथे.”

“असेल, मॅडम. बारीक आहे.”

मॅडमनी फाइलीतून ते पान शोधून तिच्यापुढे ठेवलं. तिने बघितलं. मग आपला अंगठा त्या ठशाशेजारी धरून बघितला. एवढा मोठा ठसा तिचा असूच शकत नव्हता.

मॅडमचा आवाज बदलला. “ताई, तुमचा डावा हात लहानपणीच गेला असं प्रमाणपत्र म्हणतं. उजवा तर हा दिसतोच आहे. अर्जात दुसऱ्याचा ठसा म्हणजे तोतयेगिरी होते. उमेदवारी रद्द होईल, आणि पुढे कुठलीच परीक्षा देता येणार नाही. कळतंय ना तुम्हाला?”

“मंग तो अंगठा कोना शे?” आबांनी विचारलं. त्यांनी ते लेकीलाच विचारलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला विचारावं असं त्यांच्या मनात आलंच नसणार.

“माझा,” मी म्हणालो.

कुणालाच पहिल्यांदा कळलं नाही. मी सगळं सांगितलं, तो दिवस, ती लाल अक्षरं, नमुन्याचं फोल्डर. कॉम्प्युटरवाल्याला खरं वाटेना. “लावा बरं,” म्हणाला. मी डावा अंगठा लावला. यंत्राने क्षणात हिरवा दिवा दिला. स्क्रीनवर तिचा फोटो, तिचं नाव आणि खाली ‘पडताळणी यशस्वी’. कॉम्प्युटरवाल्याला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात घातलं.

“म्हणजे आमच्या यंत्राच्या मते या ताई तुम्ही आहात,” मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. “दोघांनी लेखी द्या. तोवर नाव राखून ठेवते. माझ्या हातात तेवढंच आहे.”

बाहेरच्या व्हरांड्यात मी तिच्याजवळ गेलो. माफीचं काहीतरी बोलायला लागलो.

“काका, पाच दिवस मी त्या चौकटीशी भांडत होते,” ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. “अर्ज राहिला असता तर पत्र टाकलं असतं. राहिला असता, पण माझा राहिला असता. आता ही लोकं काय म्हणतील? सवलतीची माणसं, अशीच फसवून येतात म्हणतील. आणि मला काय म्हणायचं, मला माहीत नव्हतं? मग मला काय माहीत होतं?”

परत येताना ती आणि आबा पुढे बसले. मी शेवटच्या बाकावर. आबांनी दिलेलं पीठ घरी तसंच पडून होतं, ते पुढे खाल्लं की नाही ते विचारू नका.

मी लेखी जबाब दिला. माझ्या कॉम्प्युटरवर तिच्या ओळीसकटच्या ठशाच्या सगळ्या फाइली होत्या, प्रत्येकीवर वेळ होती. त्या दिल्या. तिने एका पानाचं पत्र दिलं, अर्जाच्या दुसऱ्या पानाने काय विचारलं आणि सहाव्याने काय मागितलं एवढंच लिहिलेलं. मला वाटलं, आता प्रश्न मिटेल. मॅडमनी ते सगळं साइट चालवणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. दीड महिन्याने कंपनीचं उत्तर आलं. मॅडमनी मला बोलावून ते वाचायला दिलं. त्यात होतं की प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही, आणि सदर प्रवर्गातील उमेदवाराचा अर्ज विनाअडथळा सादर झाल्याचे नोंदींवरून दिसते.

मी ते तीनदा वाचलं. माझ्या अंगठ्याने सादर झालेला अर्ज हाच त्यांची साइट निर्दोष असल्याचा पुरावा झाला होता.

“आता मी काय करू, सांगा,” मॅडम म्हणाल्या. “ती खरं बोलतेय हे मला दिसतंय. पण कागद म्हणतो साइट चालते. साइट चालत असेल तर ठसा बदलायची गरजच काय होती? मग लबाडीच उरते.”

त्या दिवशी धुळ्याहून जळगावपर्यंत मी डोक्यात जुनी माणसं शोधत आलो. वरणगावकडचा एक अंध मुलगा होता. त्याच्या मोबाइलमध्ये सगळं वाचून दाखवणारी सोय होती, पण वाकडी अक्षरं ती वाचत नसे, म्हणून दरवेळी त्याच्याऐवजी मलाच आत जाता यावं यासाठी मी त्याच्या अर्जात माझाच मोबाइल नंबर टाकला होता. एका मुलीला ऐकू येत नव्हतं, आणि एका साइटचा ओटीपी फक्त फोनवर बोलून यायचा. तो मी तिचा भाऊ म्हणून ऐकला. एकाच्या हाताला कंप होता, सही जुळत नव्हती, ती मी गिरवली. दरवेळी साइटने अभिनंदन केलं, आणि दरवेळी कुठेतरी नोंद झाली की अडथळा नाही. मी मदत करतो असं समजत होतो. लोकही तसंच समजत होते, मिठाई आणून देत होते. प्रत्यक्षात त्या सगळ्या चौकटी मीच शाबूत ठेवत होतो. जी माणसं माझ्यासारख्याच्या दुकानापर्यंत पोचलीच नाहीत त्यांची तर कुठे नोंदच नसणार.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गावी गेलो. संध्याकाळचं दूध घेणं चालू होतं. ती एका हाताने मापं बघत होती, त्याच हाताने आकडे टाकत होती आणि बायकांशी बोलत होती. मी बाजूला उभा राहिलो. एक म्हातारी म्हणाली, “तो कोन उभा शे? त्याले दूध देवानं का लेवानं?”

“त्याले माफी मांगानी शे,” ती मान वर न करता म्हणाली.

गर्दी ओसरल्यावर मी तिला कंपनीचं उत्तर दाखवलं. ते वाचून तिचा चेहरा रागाने लाल झाला. मग मी त्या जुन्या माणसांबद्दल सांगितलं. आधी ती ऐकत होती, मग मध्येच म्हणाली, “हे लिहून द्याल?”

“काय?”

“हेच सगळं. कोणत्या साइटने काय घेतलं नाही आणि तुम्ही काय करून घुसवलं. नावं नका टाकू. माझ्या एका अर्जावरून म्हणतात दोष नाही. दहा-बारा दिसू दे ना त्यांना.”

“ताई, ते लिहिलं तर माझं दुकान बंद होईल.”

“होईल,” ती म्हणाली, आणि दुधाच्या कॅनचं झाकण लावायला वळली.

मी ते लिहिलं, पण उपकार म्हणून नाही. मी आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी आबांचा फोन आला. लेकीबद्दल काहीच बोलले नाहीत, ‘पाऊसपानी कसं शे’ विचारत राहिले, आणि मला फोन ठेवता येईना. त्या दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि लिहायला बसलो. अकरा प्रसंग आठवले. आठवले नाहीत ते किती, माहीत नाही. तारखा अंदाजे टाकल्या, कोणत्या पानावर काय अडलं ते नेमकं लिहिलं आणि खाली सही केली, माझी स्वतःची.

मॅडमनी ते कागद घेऊन आम्हाला एकत्र बोलावलं, त्यांच्या वरचे साहेबही होते. साहेबांनी अकरा प्रसंग वाचले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही हे इतकी वर्षं करत होता, आणि एकदाही साइटवाल्यांना लिहावंसं वाटलं नाही?”

“नाही, साहेब.”

“का?”

“माझं काम होत होतं.”

साहेबांनी कागद बाजूला ठेवले. मग त्यांनी तिला शाईचं पॅड दिलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. “ठसा घ्या. आणि खाली जी ओळ लिहायची होती ती लिहा.” तिने उजवा अंगठा उमटवला, तोच हात पुसला, पेन घेतलं आणि ओळ लिहिली. साहेबांनी त्यावर शिक्का मारला. ठसा अस्पष्टच होता. साहेबांनी तो तसाच फाइलीला लावला.

तिचं नाव यादीत परत आलं. माझ्या दुकानाचा केंद्र-आयडी, जो आम्ही भरलेल्या प्रत्येक अर्जावर उमटतो, तीन महिने बंद झाला. त्या तीन महिन्यांत लोक दारात येऊन विचारायचे, बंद का? मी कारण सांगायचो. बहुतेक जण म्हणायचे, “अहो, त्यात काय एवढं, सगळेच करतात,” आणि शेजारच्या दुकानात जायचे. तिथे ते होतही असे. कंपनीकडे साहेबांनी कडक पत्र पाठवलं. सुधारणा विचाराधीन आहे असं त्यावर उत्तर आलं. एक जास्तीची ओळ लिहायची जागा ठेवायला विचार तो किती लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आता दुकान पुन्हा चालू आहे. पण वेळ फार लागतो. साइट एखाद्याला घेत नसेल तर मी त्याला तसं सांगतो, अडलेल्या पानाचा फोटो काढून तक्रार टाकतो आणि ‘या कारणाने अर्ज सादर झाला नाही’ असं शिक्क्यानिशी लिहून देतो. लोकांना तो कागद नको असतो, त्यांना अर्ज हवा असतो. परवा एकजण तो कागद माझ्याच टेबलावर चुरगाळून गेला. त्याचं काय चुकलं? मुदत संपत होती त्याची.

तिची नेमणूक शिरपूरला झाली. हे आबांनी फोन करून सांगितलं. “आर्डर उनी, भाऊ. पोर तठेच खोली लीसन राहिनी.” मी म्हटलं, तिला सांगा, अभिनंदन केलंय म्हणून. महिनाभराने तिचाच फोन आला. मी घाईघाईने पुन्हा माफीकडे वळलो, पण तिने मध्येच तोडलं.

“काका, ते राहू द्या. इथे मला काय काम दिलंय माहितीये? आलेल्या अर्जांची छाननी.”

“अरे वा. जड जातंय का?”

“नाही. वाचते एकेक.” पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली, ती ‘आले’ म्हणाली. मग मला म्हणाली, “काल तुमच्या केंद्रातून भरलेला एक आला होता.”

“बरोबर होता का?”

“होता,” ती म्हणाली. “पण दोनदा वाचला.”